वाचक विचारतात : ऊटा हेगन आणि दोन मिनिटांचा सराव

ऊटा हेगन (१९१९–२००४) या अमेरिकी रंगभूमीवरच्या मोठ्या अभिनेत्री. पुढे त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं नट घडवले. एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करणाऱ्या वाचकांनी त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या पद्धतीबद्दल विचारलेले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

शिबिरात ‘हेगनबाईंचे नऊ प्रश्न’ पाठ करून घेतले. पण या बाई कोण, त्यांनी स्वतः काय काम केलं होतं, ते कुणीच सांगितलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

भूमिकेची तयारी करताना नटानं स्वतःला विचारायचे ते नऊ प्रश्न पुढे येतीलच, आधी बाई. जन्म जर्मनीतल्या ग्योटिंगनचा, १२ जून १९१९. वडील कलेच्या इतिहासाचे अभ्यासक, आई डॅनिश गायिका. १९२४ मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं, कारण वडिलांना कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. ऊटाबाईंनी लंडनच्या राडा या नाट्यशाळेत थोडे दिवस काढले, पण खरं शिक्षण प्रयोगांतून झालं. १९३७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या ओफेलिया झाल्या. समोर हॅम्लेट होत्या ईव्हा ल गॅलियन, म्हणजे एक स्त्रीच. पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, चेकॉव्हच्या ‘द सीगल’मधली नीना, तीही लंट आणि फाँटॅन या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या नटदांपत्याबरोबर.

मग १९४३ चा ‘ऑथेल्लो’. नायक पॉल रोबसन, म्हणजे कृष्णवर्णीय नट. खलनायक यागो होते ऊटाबाईंचे तेव्हाचे पती होझे फेरर. आणि डेस्डिमोना ऊटाबाई. एका कृष्णवर्णीय नायकानं गोऱ्या नायिकेला रंगमंचावर जवळ घ्यायचं, हे तेव्हाच्या अमेरिकेत धाडसाचं होतं. त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं नाटक सलग इतकं कधी चाललं नव्हतं. डाव्या विचारांच्या रोबसन यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे पुढे ऊटाबाईंचं नाव काळ्या यादीत गेलं आणि चित्रपट-टीव्हीचं दार बऱ्याच अंशी बंद झालं. रंगभूमीनं मात्र त्यांना सोडलं नाही. टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली ब्लांश, शॉची सेंट जोन, ‘द कंट्री गर्ल’साठी टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार, आणि १९६२ मध्ये एडवर्ड अल्बी यांच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’मधली मार्था, जिच्यासाठी दुसरा टोनी. तीन तासांवरचं ते नाटक इतकं दमवणारं होतं की दुपारच्या प्रयोगांना वेगळा नटसंच ठेवला होता.

इतकं नाव झाल्यावर त्या शिकवण्याकडे का वळल्या? रंगभूमी सोडली होती का? (एक वाचक, मडगाव)

सोडली नव्हती, आणि त्यांच्या शिकवण्याची किंमत यातच आहे. १९४७ पर्यंत त्यांच्याकडे ठरलेल्या युक्त्यांचा मोठा साठा जमला होता. कुठल्या वाक्याला आवाज उतरवायचा, कुठे मान वळवायची, कुठे हमखास दाद येते, सगळं तयार. काम चांगलंच दिसायचं, पण त्यातला त्यांचा आनंद आटला होता. त्या वर्षी दिग्दर्शक हॅरल्ड क्लर्मन यांनी एका नाटकाच्या तालमीत या युक्त्या चालू दिल्या नाहीत. आधी भूमिकेतल्या माणसाला काय हवंय ते शोधायला लावलं. त्याच नाटकात हर्बर्ट बर्गहॉफ भेटले. त्यांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एचबी स्टुडिओ सुरू केला होता. ऊटाबाई तिथे शिकवू लागल्या आणि बर्गहॉफ पुढे त्यांचे पतीही झाले. स्टुडिओ अजून बँक स्ट्रीटवर आहे.

शिकवणं आणि प्रयोग ही दोन्ही कामं बरोबरीनं चालली. त्यामुळे वर्गात सांगितलेलं रंगमंचावर टिकतं का, हे त्यांना स्वतःच्या अंगावर तपासता यायचं. पहिलं पुस्तक, ‘रिस्पेक्ट फॉर अ‍ॅक्टिंग’, १९७३ चं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे त्यांनाच अपुऱ्या वाटल्या, म्हणून १९९१ मध्ये दुसरं, ‘अ चॅलेंज फॉर द अ‍ॅक्टर’, लिहून त्यांनी स्वतःचीच मांडणी दुरुस्त केली. ज्यांना एकच वाचायचंय त्यांनी दुसरं वाचावं. ७६ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांची भूमिका केली.

दोन मिनिटांचा ‘वस्तूंचा सराव’ नेमका कसा करायचा? आमच्या गटात तो मूकाभिनयासारखा होतो. (एक वाचक, नाशिक)

हा सराव म्हणजे घरात एकटे असतानाची साधी दोन मिनिटं खऱ्या वस्तूंसह तालमीत पुन्हा जगून दाखवणं. मूकाभिनय होतो, कारण वस्तू खऱ्या आणत नाही. ‘प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) रंगीत तालमीला येईल, आत्ता आहे असं समज’ ही आपल्याकडची सवय या सरावाच्या मुळावरच येते.

आधी प्रसंग निवडा. तुम्ही घरात एकटे होता तेव्हाची, कालपरवाची, अगदी साधी दोन मिनिटं. समजा सकाळचे ७.५० झालेत, ८.०५ ची बस गाठायची आहे, शर्टाला इस्त्री चाललीय आणि दिसतं की दुसरं बटण तुटलंय. आता ते नऊ प्रश्न वहीत लिहून काढा. मी कोण? किती वाजलेत? कुठे आहे? माझ्या आजूबाजूला काय काय आहे? काय घडलंय, काय घडतंय, पुढे काय घडणार? या सगळ्याशी माझं नातं काय? मला हवंय काय? आड काय येतंय? आणि ते मिळवायला मी काय करतो? प्रश्न पाठ असून उपयोग नाही. उत्तर नेमकं हवं. ‘सकाळची वेळ’ हे उत्तर नव्हे, ‘७.५०’ हे उत्तर. ‘शर्टाशी नातं’ म्हणजे तो कुणी घेऊन दिला, आज तोच का हवा, हे.

मग हॉलमध्ये खडूनं खोली आखा. दार, खिडकी, टेबल घरी जिथे आहेत तिथेच. तोच शर्ट आणा, तीच इस्त्री, सुईदोरा ठेवायचा तोच बिस्किटांचा रिकामा डबा. तासभर त्यावर काम करा, नंतर घड्याळ लावून करून दाखवा.

इस्त्रीची वायर लावायची नाही. थंड इस्त्रीला गरमपणा देणं हा या मालिकेतला वेगळा धडा आहे. ‘गरम आहे’ असं मनाला बजावल्यानं काही होत नाही. घरी खरी तापलेली इस्त्री उचलताना काय होतं ते बघा. बोटं दांड्यावरच राहतात, दुसरा हात कापड ताणताना कडेनं लांबूनच फिरतो, आणि चुकून टेकलाच तर बोटं आपोआप कानाच्या पाळीला जातात. या हालचाली अचूक आल्या की चटका जाणवू लागतो. बोथट सुरी, पाण्यानं भरलेला दारूचा ग्लास, रिकामी बादली, सगळ्यांना हाच नियम.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे प्रसंग नाट्यमय निवडला जातो: ताटातूट, अपघाताची बातमी. तिथे नट लगेच भावना दाखवायला लागतो आणि वस्तू बाजूला पडतात. दुसरं, ‘हवंय काय’ला उत्तर नसतं, मग दोन मिनिटं नुसतं आवरणं चालतं. तिसरं, आणि हे फार दिसतं: हरवलेली वस्तू शोधण्याचा प्रसंग. किल्ली कुठे ठेवलीय ते नटाला ठाऊक असतं, म्हणून तो बाकीच्या जागा उगाच उपसतो. प्रत्येक जागी जायला कारण द्या. काल रात्री ही पिशवी घेऊन आलो, म्हणून आधी पिशवी. भाजी काढताना किल्ली ओट्यावर ठेवली असेल, म्हणून ओटा. एका जागी मिळाली नाही म्हणूनच पुढची सुचली पाहिजे. वेळ पाच मिनिटांवर गेला तर सुरुवातीचं, खिडकीतून बघत ‘वातावरण’ उभं करणं आधी कापा.

रडायच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी येत नाही. दिग्दर्शक म्हणतात, आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख आठव. (एक वाचक, इंदूर)

हे करू नका. ज्या दुःखाबद्दल तुम्ही अजून कुणाशी बोलू शकत नाही, ते तालमीत आणायचं नाही, असं ऊटाबाई स्पष्ट सांगत. ते तुमच्या ताब्यात नसतं. एक दिवस भोवळ आणील आणि दुसऱ्या दिवशी काहीच देणार नाही. त्यांचा उपाय वेगळा आहे. पचलेला प्रसंग घ्या आणि त्यातलं आजूबाजूचं बारीकसारीक आठवा: पडद्यावरची नक्षी, कपाचा तुटलेला कान, डेटॉलचा वास. यांतली एखादी क्षुल्लक गोष्ट मनात आणली की भावना स्वतःहून वर येते. मग ती गोष्ट नाटकातल्या एखाद्या वस्तूशी जोडून टाका. कुठली ते कुणालाही सांगू नका, दिग्दर्शकालाही नाही. महिन्याभरानं ती बोथट झाली तर दुसरी शोधा. आणि प्रसंगातल्या माणसाला रडायचं नसतं, रडू आवरायचं असतं, हे विसरलात तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

एन्ट्रीनंतरची पहिली दोन वाक्यं नेहमी वाया जातात. (एक वाचक, सोलापूर)

कारण तुम्ही विंगेतून येता, जिन्यावरून किंवा उन्हातून येत नाही. विंगेत उभं राहून तीन गोष्टी ठरवा: मी आत्ताच काय करून आलो, या क्षणी काय करतोय, आत पाऊल टाकताच पहिलं काय हवंय. तिसरं उत्तर एखाद्या वस्तूपाशी नेणारं असू द्या: पंख्याचं बटण, पाण्याचा तांब्या, खुंटी. आधी तिकडे जा, वाक्य जाता जाता येऊ द्या. विंगेत संवाद घोकत बसलात तर या तिन्हींना जागाच उरत नाही, म्हणून पाठांतर एन्ट्रीच्या पाच मिनिटं आधी बंद करा.