कॉकपिटमधलं बटण कोणतं आणि नुसता दिवा कोणता, हे वैमानिकाला कसं कळतं?

बोईंग ७३७ मध्ये ते पाहताक्षणी कळतं. इंधन पंपाचा स्विच म्हणजे वर-खाली होणारी दांडी आणि त्याच्याजवळचा छोटा चौकोनी दिवा फक्त माहिती देतो: पंपाचा दाब कमी झाला की तो पिवळसर पेटतो.

खरा गोंधळ होतो तो एअरबस ए३२० मध्ये. तिथे डोक्यावरच्या पॅनेलवर बटण आणि दिवा बहुतेक ठिकाणी एकच वस्तू आहे. चौकोनी बटणाच्या वरच्या अर्ध्यात बिघाडाची सूचना उमटते, खालच्या अर्ध्यात ते बंद असल्याची. सगळं सुरळीत असेल तर बटण आत दाबलेलं आणि काळं. त्यामुळे पेटलेला दिवा लगेच नजरेत भरतो. मला ही कल्पना फार आवडते.

लाल म्हणजे तातडीने कृती, पिवळसर म्हणजे लक्ष द्या. इंजिनाला आग लागल्यास वापरायच्या बटणावर झाकण असतं, म्हणजे चुकून हात लागला तरी ते दाबलं जात नाही. शिवाय स्पर्शही मदत करतो: लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाच्या चाकांच्या, दांड्याची मूठ चाकासारखी असते, फ्लॅपची (पंखाच्या मागच्या हलत्या भागाची) चपटी, पंखाच्या तुकड्यासारखी. दिव्याला मात्र पकडण्याजोगं काहीच नसतं.