प्रत्यक्ष काम शिकवणारं कॉम्प्युटर सायन्सचं कॉलेज कसं ओळखायचं?
माहितीपत्रकातले लॅबचे फोटो सोडून द्या, एसी लॅब हल्ली सगळ्यांकडे असते. तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठा आणि त्याचं गिटहब (लिहिलेला कोड ऑनलाइन ठेवायची साइट) उघडायला सांगा. स्वतः लिहिलेला कोड आहे, की सीनियरचं जर्नल उतरवून सबमिशन उरकलंय, ते दोन मिनिटांत कळतं.

अनुभव अभ्यासक्रमातच हवा असेल, तर बिट्स पिलानीची (गोवा कॅम्पसलाही तीच) 'प्रॅक्टिस स्कूल' पद्धत बघा: दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात साधारण 2 महिने, शेवटच्या वर्षी साडेपाच महिने कंपनीत काम. फी मात्र दणदणीत! सीईटीवाल्यांनी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या लिनक्स (एक खुली ऑपरेटिंग सिस्टीम) यूजर्स ग्रुपसारखे विद्यार्थ्यांचे गट कुठे जिवंत आहेत ते शोधावं.