उचल घेण्याआधी कामाची मागणी लेखी दे
भावा, हातात दमडी नाही आणि गाव मेळघाटात, धारणीपासूनही आत. तरी ऊसतोडीच्या मुकादमाच्या उचलीला, म्हणजे आगाऊ पैशांना, हात लावू नकोस. उचल घेतली की मजुरी आधीच खाल्लेली असते आणि ऊसतोडीचा हंगाम संपला तरी फेड उरते. मी दोन हंगाम हे भोगलंय.

आधी ग्रामपंचायतीत जा. रोजगार हमीच्या कामासाठी लागणारं जॉब कार्ड फुकट मिळतं. मग ग्रामरोजगार सेवकाकडे कामाची मागणी लेखीच दे आणि तारीख घातलेली पोच हातात आल्याशिवाय उठू नकोस. 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्यावर हक्क लागतो, पण पोच नसेल तर सिद्ध काय करणार? चार-पाच घरांनी मिळून मागा, एकट्याला टोलवतात. आणि लाजू नकोस, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 सालीच केलाय, ही भीक नव्हे. कामावर रोज हजेरीपटात आपलं नाव लागलंय का, ते स्वतः बघ.

मजुरी खात्यात यायला उशीर होतो. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना? तोवर उन्हाळ्यात मोहफुलं वेच, मग तेंदूपान. मोहफुलं मात्र ओली विकू नकोस, नीट वाळवून ठेव.