उजवीकडे बसणारा मित्र

"ताई, मशीन लावल्यापासून ऐकू येतंय, पण मित्र उरले नाहीत."

वय 26. इंदूरला राजवाड्याजवळ काकांच्या कापडाच्या दुकानात बसतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लहानपणी डावा कान वाहायचा, आजी त्यात कोमट तेल सोडायची. कानाचा पडदा फाटलाय हे कळायला पंचविशी उजाडली. तोवर शाळेत 'मंद', घरात 'भोळा' आणि मित्रांत 'ट्यूबलाइट'. त्यालाही तेच खरं वाटायचं. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हाही हसायचा, चेहरे बघून.

मशीन लावल्यावर महिनाभर ताटल्यांचा आणि रिक्षांचा आवाजच सोसवेना. मग एका रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाताना डावीकडून स्पष्ट ऐकू आलं, "ट्यूबलाइट को रहने दे, वो कल हँसेगा." सगळे हसले. या वेळी तो हसला नाही. तेव्हापासून तो तिकडे गेलेला नाही.

"शहाणं झालं की माणूस एकटा पडतो का?" हा प्रश्न माझ्याकडे फार जण आणतात. शिकून परतलेली मुलं, चाळिशीत नोकरीला लागलेल्या बायका. हल्ली 'टॉक्सिक माणसं तोडा' असं सांगून मोकळं होण्याची साथच आली आहे. मला ते पटत नाही. दहा वर्षांची मैत्री एका वाक्यावर निकालात कशी काढायची?

मी त्याला चार्लीची गोष्ट सांगितली. डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन', आधी 1959 मध्ये कथा, मग 1966 मध्ये कादंबरी. बेकरीत काम करणारा चार्ली, बुद्ध्यांक 68. बुद्धी वाढवण्याच्या ऑपरेशननंतर तो 185 वर जातो आणि त्याला कळतं, बेकरीतले 'जो' आणि 'फ्रँक' हे मित्र आपल्याला पार्टीला नेतात ते हसायला. इथपर्यंत ऐकून माझा पाहुणा म्हणाला, "बरोब्बर! हेच!"

"पुढे ऐक. हॉटेलात एका पोऱ्याच्या हातून बशा फुटतात. सगळे हसतात, चार्लीही हसतो. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटते."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दुकानात एक पोरगा आहे. अडखळत बोलतो. गिऱ्हाइकासमोर मी त्याची नक्कल करतो." मशीनला हात लावत पुढे म्हणाला, "तोही हसतो, ताई."

त्या दिवशी मी जास्त काही बोलले नाही. चार्लीची बुद्धी ओसरल्यावर तो बेकरीत परततो, एक नवा माणूस त्याला छळतो आणि पूर्वी हसणारा तोच 'जो' त्याच्या बाजूने मध्ये पडतो, हे पुढच्या भेटीत सांगितलं. त्यावर तो चिडला. "म्हणजे तो खालीच राहिला तर मित्र?" प्रश्न चोख होता. चार्ली हुशार झाल्यावर त्याला बेकरीतून काढण्याच्या अर्जावर एक बाई सोडून सगळ्यांनी सह्या केलेल्या असतात.

मी कागद पुढे केला. "सराफ्यात कोण कुठे बसतं, काढ."

त्याने बाकडं काढलं, पाच गोल काढले. स्वतःचा गोल डाव्या टोकाजवळ, आणि उजवीकडच्या गोलावर पेन्सिल थांबली.

"हा नेहमी इथेच बसतो. कुणी विनोद केला की माझ्या कानाशी परत सांगायचा." मग हसून, "ट्यूबलाइट नावही यानेच ठेवलं."

"मग त्याला एकट्याला भेट. भांडायचं असेल तर भांड."

पंधरा दिवसांनी तो आला. बाकीच्या तिघांकडे जाणं त्याने सोडलंच आहे आणि मी आग्रह केला नाही. दुकानातल्या पोराची माफी मागायला जीभ वळली नव्हती, नक्कल मात्र थांबली होती. त्या मित्राला तो सकाळी पोहे खायला भेटला. कडाक्याचं भांडण झालं. मित्र म्हणाला, "भिया, तुला ऐकूच येत नव्हतं हे मला काय माहीत? मला वाटायचं तुला समजत नाही."

"राग आला?"

"आला. पण टपरीवर मी मुद्दाम त्याच्या उजवीकडे जाऊन बसलो होतो. तर हा ताटली घेऊन उठला आणि वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसला. सवयीने."