भाड्याच्या स्कूटरवर जकात (मुसलमानाने दरवर्षी संपत्तीतून काढायचं सक्तीचं दान) लागते का?

प्रश्न: अस्सलामु अलैकुम. आमचं फोंड्याला छोटं कुळागर आहे, नारळ-सुपारी होते. नवऱ्याच्या सहा स्कूटर टुरिस्टांना भाड्याने जातात, शिवाय तो जुन्या गाड्या घेऊन विकतो पण. माझ्याकडे माहेरचं चार तोळे सोनं आणि बँकेत थोडे पैसे. रमजान जवळ आला की घरात दरवर्षी तोच वाद, जकात नेमकी कशाकशावर? सासूबाई म्हणतात साडेसात तोळ्यांच्या खाली काहीच नाही.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: वालेकुम अस्सलाम ताई. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. साडेसात तोळे, म्हणजे ८७ ग्रॅमच्या जरा वर, ही हद्द नुसतं सोनंच असेल तेव्हाची, रोख रुपया नाही, चांदीचे पैंजण नाहीत, आता असं घर कुठे असतं सांगा! सोन्याबरोबर रोकड आली की हनफी मताप्रमाणे (इस्लामी कायद्याचा हा एक पंथ, शाफई दुसरा) सगळ्याची किंमत एकत्र धरायची आणि साडेबावन्न तोळे चांदीच्या भावाशी लावून बघायची, साधारण ६१२ ग्रॅम. चार तोळे सोनं ती हद्द केव्हाच ओलांडतं. मग देणी वजा करून जे उरेल त्या सगळ्यावर अडीच टक्के. आणि हा हिशोब तुमचा, नवऱ्याचा वेगळा. तुम्हाला विचारून त्याने भरली तर चालते, पण सोनं तुमचं म्हणून जबाबदारी पण तुमचीच. (कोकणातले नातेवाईक शाफई असतील तर म्हणतील अंगावर घालायच्या दागिन्यांवर जकात नाहीच. त्यांच्या मजहबात, म्हणजे पंथात, ते बरोबर आहे, लग्नात भांडू नका.)

आता स्कूटर. भाड्याच्या सहा गाड्या म्हणजे कमाईचं साधन, सुताराचा रंधा तशा, त्यांच्या किमतीवर काही नाही. भाडं येऊन खर्च होऊन वर्षअखेर जे शिल्लक, तेवढंच धरायचं. पण विकायला आणलेल्या जुन्या गाड्या म्हणजे दुकानातला माल, मग अंगणात नुसत्या उभ्या का असेनात, जकात काढायच्या दिवशी बाजारात जी किंमत येईल ती धरायची, घेतली त्या भावाने नाही. लोक नेमके इथेच गोंधळतात, गाडी तीच पण कशाला ठेवलीय त्यावर सगळं. राहतं घर, स्वतःची बाईक, फ्रीज, यांना सूट.

कुळागराचं खातं वेगळं, त्याला उश्र म्हणतात. नुसत्या पावसावर पीक आलं तर दहावा हिस्सा, पंप लावून पाणी दिलं तर विसावा, आणि वर्षभर थांबायचं नाही, माल उतरला की लगेच. इमाम अबू हनीफांच्या मते फळं-भाज्या सगळ्यावर लागतो, शाफई मात्र साठवता येणारं मुख्य धान्य, खजूर, मनुका एवढंच धरतात म्हणजे नारळ-सुपारी सुटली. हनफीत पाडेलीची (नारळ पाडणाऱ्याची) मजुरी, खत वजा होत नाही हां! भारतातल्या जमिनीवर उश्र लागतो का यावर आलिमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत, त्यामुळे एवढं एक आपल्या मौलानांना विचारून घ्या.

आणि रमजानचीच वाट बघायची गरज नाही. तुमची रक्कम पहिल्यांदा हद्दीच्या वर गेली त्या दिवसापासून एक चांद्रवर्ष, ३५४ दिवसांचं, पूर्ण झालं की जकात द्यायची, इंग्रजी कॅलेंडर धरलं तर दरसाल अकराएक दिवस मागे पडाल. ती तारीख आठवत नसेल तर अंदाजाने एक हिजरी (इस्लामी पंचांगाची) तारीख ठरवा आणि कपाटाच्या दाराला आतून लिहून चिकटवा.