‘नॉमिनेट’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

ऑफिसातल्या पुरस्कारासाठी तुम्हाला ‘नॉमिनेट’ केलंय, तर निवड झाली असं समजायचं का, असं विचारलंय तुम्ही. नाही. तुमचं नाव पुढे गेलंय, एवढंच. पेढे थांबवा.

शब्द लॅटिन. ‘नोमेन’ म्हणजे नाव, त्यावरून ‘नोमिनारे’ म्हणजे नाव घेणं, नाव देणं. आपल्या ‘नाम’चं आणि याचं मूळ एकच. ‘नॉमिनी’मधला शेवटचा ई आला कायद्याच्या जुन्या फ्रेंचमधून, पेयी (ज्याला पैसे द्यायचे तो), ट्रस्टी हे त्याच वळणाचे. नॉमिनी स्वतः काहीच करत नाही, दुसऱ्या कुणीतरी त्याचं नाव लिहिलेलं असतं.

नेमकं हेच मी ठाण्यात, आमच्या कोपरीच्या सोसायटीच्या ऑफिसात, दादाला तोंडावर सांगितलं होतं.

बाबांनी फ्लॅटसाठी नॉमिनीचा फॉर्म भरला तेव्हा मी लग्न होऊन ऐरोलीला होते आणि दादा घरातच. सेक्रेटरींनी कागद पुढे केला, बाबांनी समोर दिसला त्याचं नाव टाकलं. बाबा वारल्यावर दादा म्हणायला लागला, “बाबांनी मला नेमलंय, म्हणजे फ्लॅट माझा. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस ना? सांग की अर्थ!” सांगितला. वर हेही सांगितलं की ‘नॉमिनल’ हा त्याच घराण्यातला शब्द आणि त्याचा अर्थ नावापुरता. ‘इग्नॉमिनी’ही तिथलाच, म्हणजे नाव जाणं, बेअब्रू. वहिनीने पाण्याचा ग्लास आपटला. सेक्रेटरी काका म्हणाले, “ताई, लॅटिन राहू द्या, कायद्यात काय आहे ते बघू.”

कायद्यात माझंच म्हणणं निघालं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 साली कलम 154ब-13 आलं. त्यानुसार कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद. त्याच्या कितीतरी आधी, 1984 साली, सर्बती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत सांगितलं होतं की नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने. दादाला हे पटलं नाही. “कोर्टाला आमच्या घरातलं काय कळतंय,” म्हणाला. त्याच्या मते मुलीला लग्नात दिलं की हिशोब संपतो, आणि भांडणाचं खरं कारण हे आहे, इंग्रजी शब्द नुसता पुढे केलेला.

म्हणून सांगते, पुरस्काराचं होईल तेव्हा होईल. तुमचे वडील असतील तर त्यांनी सोसायटीत कुणाचं नाव घातलंय ते याच रविवारी विचारा. बहीण असेल तर तिला शेजारी बसवून विचारा. सगळ्या मुलांची नावं हिश्श्यासकट घालता येतात. आणि मृत्युपत्र करायला सांगा; नॉमिनेशन त्याची जागा घेत नाही, कुठलाही दादा काहीही म्हणो.

एक राहिलं. या शब्दाचा जोर जागेप्रमाणे बदलतो. विधान परिषदेवर राज्यपाल 12 जणांना नॉमिनेट करतात, ते थेट आमदार होतात. मराठीत आपण त्यांना राज्यपालनियुक्त म्हणतो ते उगाच नाही. उलट निवडणुकीत नामनिर्देशनपत्र भरणारा नुसता उमेदवार. आणि विम्याचं मी वर सांगितलं ते जुनं झालं: 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्या पैशावर कायदा त्यांचा स्वतःचा हक्क मानतो.

बाबांच्या पॉलिसीवर नॉमिनी मी होते. दादाने ती दुरुस्ती वाचलेली दिसत नाही, आणि मी काही त्याची शिकवणी घेणार नाही.