शॉटचा डेटा डाऊनलोड करायचा की लागेल तेवढाच मागायचा?

प्रश्न: मी एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्टसाठी टोकामॅकचा (प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त आयनित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारं फ्युजनचं यंत्र) डेटा हाताळायचाय, मॅग्नेटिक सेन्सर आणि कॅमेरा दोन्ही. सर म्हणतात एमडीएसप्लस (अशा प्रयोगांचा डेटा साठवायची आणि वाचायची प्रणाली) शिकून घे. पण शॉट, म्हणजे प्लाझ्माचा एक प्रयोग, तर काही सेकंदांचाच असतो ना, सगळ्या फाइल्स उतरवून घेतल्या आणि पायथनमध्ये उघडल्या तर काय बिघडलं?

उत्तर: शॉट छोटा असतो हे खरंय, पण आधी हिशोब करून बघ. एक सेन्सर सेकंदाला दहा लाख सॅम्पल घेतो, प्रत्येक सॅम्पल 2 बाइटचं, म्हणजे 10 सेकंदांच्या शॉटला एका चॅनेलचे 20 एमबी झाले, आणि असे 100 चॅनेल धरले तर 2 जीबी. इथवर ठीक आहे. पण फास्ट कॅमेरा 512 बाय 512 चा, पिक्सेलला 2 बाइट, सेकंदाला 10,000 फ्रेम, तर एका सेकंदालाच 5 जीबीच्या वर जातं! आणि तुला त्यातले बहुतेक वेळा डिसरप्शनच्या (प्लाझ्मा अचानक कोसळतो तेव्हाच्या) आसपासचे 20 मिलीसेकंदच बघायचे असतात, मग अख्खा ढीग घरी आणून करायचं काय? एमडीएसप्लसमध्ये शॉट नंबर आणि ट्रीमधला (फोल्डरसारख्या रचनेतला) नोड सांगितला की सर्व्हरकडून तेवढाच सिग्नल येतो, वेळेची मर्यादा घातली तर त्यातला तेवढाच तुकडा.

पण माझ्या मते साइज हा खरा मुद्दाच नाही, डिस्क काय विकत मिळते. खरा मुद्दा असा की डिजिटायझरमधून (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या उपकरणातून) येतात ते नुसते काउंट्स, म्हणजे 2047 असा आकडा, तो किती अँपिअर हे त्याच्यावर कुठे लिहिलेलं नसतं. एमडीएसप्लस कच्चे काउंट्स तसेच ठेवतं आणि शेजारी रूपांतराचं एक्स्प्रेशन, युनिट आणि टाइमबेस (कुठला आकडा कुठल्या क्षणाचा ते) ठेवतं, त्यामुळे वाचताना गणित आपोआप होतं आणि उद्या कॅलिब्रेशन चुकलेलं निघालं तर मूळ आकड्याला हात न लावता एक्स्प्रेशन बदलता येतं. मी सुरुवातीला नुसते आकडे कॉपी करून घेतले होते, टाइमबेस घेतलाच नाही, मग मॅग्नेटिक सिग्नल आणि कॅमेरा एकमेकांपासून 3 मिलीसेकंद सरकलेले आणि मी आठवडाभर त्यात फिजिक्स शोधत बसलो. कॅमेऱ्याचा ट्रिगर उशिरा होता, बास.

आणि डेटाचं आयुष्य शॉटपेक्षा फार मोठं असतं. ब्रिटनमधल्या जेट टोकामॅकवर पहिला प्लाझ्मा 1983 ला झाला आणि शेवटचे शॉट डिसेंबर 2023 मध्ये, सुरुवातीला सेन्सर लावणारी माणसं कधीच रिटायर झाली, म्हणून माहिती डेटासोबतच पाहिजे.

लांब शॉटचं वेगळं प्रकरण आहे. फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकने फेब्रुवारी 2025 मध्ये प्लाझ्मा 1337 सेकंद टिकवला, आता अशा वेळी शॉट संपेल मग फाइल लिहू असं म्हणून चालत नाही, चालू असतानाच डेटाचे तुकडे (सेगमेंट) लिहावे लागतात आणि लोक तेव्हाच वाचायला लागतात.

दुसऱ्या मशीनशी तुलना करायची असेल तर नावांचा घोळ येतो, प्लाझ्मा करंटला प्रत्येकाचं वेगळं नाव. इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकसाठी केलेली आयमास ही डेटा-पद्धत तिथे कामाला येते, सगळ्यांसाठी एकच डेटा डिक्शनरी, एकच जागा, एकच युनिट.

तुझ्यासाठी: ब्रिटनच्या मास्ट टोकामॅकचा बराच डेटा आता खुला आहे, झार (Zarr, तुकड्यातुकड्यांत साठवायच्या) फॉरमॅटमध्ये, पायथनमधून थेट वाचता येतो आणि हवा तेवढाच तुकडा खाली येतो. आधी एकच शॉट घे, प्लाझ्मा करंट काढ, त्याच टाइमबेसवर दुसरा सिग्नल ठेवून बघ. ग्राफवर शॉट नंबर, सिग्नलचं पूर्ण नाव आणि ईफिटसारखं (मॅग्नेटिक सिग्नलवरून प्लाझ्माचा आकार काढणारा कोड) मागाहून काढलेलं काही असेल तर कुठलं रन ते लिहूनच ठेव, कारण तेच रिकन्स्ट्रक्शन पुन्हा केलं जातं आणि सहा महिन्यांनी तोच कोड तुला वेगळा आकडा देऊ शकतो.